दुसरं जावळ

चंदनाच्या उजव्या कानामागे तो केस सापडला, तेव्हा शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती आणि दुसरी वेणी अजून अर्धीच झाली होती.

"आज्जी, आटप की! बस आली."

"हलू नकोस," मगदूमबाई म्हणाल्या.

केस बोटभरसुद्धा नव्हता. बाकीचे सगळे केस पाण्याच्या धारेसारखे सरळ खाली उतरलेले, आणि हा एकटाच स्प्रिंगसारखा स्वतःभोवती वळलेला. त्यांनी तो चिमटीत धरून ताणला आणि सोडला. तो टुणकन जागेवर गेला. मगदूमबाईंनी घाईघाईनं तो वेणीत दडवला, रिबिनीची गाठ मारली आणि नातीच्या पाठीवर थाप देऊन तिला पिटाळलं. बस वळणाआड गेली तरी त्या दारातच उभ्या होत्या.

सरोजिनी मगदूम म्हणजे इचलकरंजीच्या कन्याशाळेतल्या खेळाच्या बाई. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी पहाटेच्या मैदानावर खो-खोच्या मुली अजून त्याच घ्यायच्या. गावातल्या निम्म्याअधिक बायकांनी कधी ना कधी त्यांची शिट्टी ऐकली होती. मुलगा भरतेश मागांच्या कारखान्यात संगणक सांभाळायचा, सून उज्ज्वला सूत तपासणीच्या प्रयोगशाळेत होती, आणि अकरा वर्षांची चंदना ही घरातली एकुलती एक नात. तिचे कमरेपर्यंतचे रेशमी केस विंचरणं हे मगदूमबाईंचं रोजचं सकाळचं काम. ते त्या कुणाला करू द्यायच्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी जेवताना विषय काढला.

"चंदनाला पट्टी लावून घेऊ या."

भरतेशच्या हातातला घास हातातच राहिला. "आई, तू म्हणतीयस हे? परवापर्यंत तर त्या पट्टीला नावं ठेवत होतीस."

नावं ठेवण्यासारखंच होतं सगळं. दोन वर्षांपूर्वी ही पट्टी बाजारात आली. मानेवर महिनाभर चिकटवायची, की लहानपणीचे मऊसूत केस जन्मभर तसेच राहायचे. दवाखान्यात तिचं नाव लांबलचक होतं, पण लोक म्हणायचे थांबपट्टी. पहिल्या वर्षी हौशी लोकांनी लावली, दुसऱ्या वर्षी सगळ्यांनीच. चंदनाच्या वर्गात आता पाठीमागून पाहिलं तर कोण कुठली पोर ओळखू यायची नाही. वर्गाच्या बाई "ए, रूपाली" म्हणून हाक मारायच्या आणि तिघी वळून पाहायच्या. त्या केसांवर पिन टिकत नसे, रबर टिकत नसे. लग्नात करवल्यांचे गजरे अक्षता पडायच्या आधीच जमिनीवर पडायचे. फुलवाल्यांनी चिकटणारे गजरे काढले, मग ते सोडवताना रडारड. मैदानावर तर पळता पळता मुलींच्या रिबिनी मागे पडायच्या आणि मगदूमबाई ओरडायच्या, "खो द्यायला उठलीस का रिबीन उचलायला?"

"मला पाहिजेच होती!" चंदना म्हणाली. "आज्जी, थँक्यू!"

उज्ज्वला मात्र सासूकडे नुसती पाहत राहिली.

शनिवारी सगळे कोल्हापूरला डॉक्टर फरीदा मुजावरांच्या केंद्रात गेले. पट्टीआधी तपासणी सक्तीची होती. डॉक्टर मुजावर गोल चेहऱ्याच्या, बोलक्या बाई होत्या. चंदनाला खुर्चीत बसवून त्यांनी तिच्या डोक्यावर बारीक दिव्यांची टोपी चढवली.

"घरी सोऱ्या आहे ना?" त्यांनी विचारलं. "गोल भोकाची चकती घातली की शेव सरळ पडते. भोक चपटं आणि तिरकं असलं की तेच पीठ वळत वळत बाहेर येतं. केसाचं मूळ म्हणजे कातडीत रुतलेला सोऱ्या. तान्ह्या बाळाचा सोऱ्या इवलासा, उथळ, म्हणून जावळ मऊ आणि पातळ. मूल वाढतं तसा तो खोल जातो. वयात येताना शरीरात संप्रेरकं सुटतात, आणि ती त्याचा आकारच बदलतात. कुणाचा रुंद होतो, कुणाचा वाकडा. कुणाचा कसा होणार, ते आईबापांकडून आलेलं असतं."

"म्हणजे माझे हे केस वाकडे होणार?" चंदनानं वेणी घट्ट धरली.

"हे नाही. बाहेर आलेला केस म्हणजे तयार धागा, तो बदलत नाही. पण प्रत्येक केस काही वर्षांनी गळतो. मग मूळ जरा विश्रांती घेतं आणि तळापासून स्वतःला पुन्हा बांधतं. ही नवी बांधणी नव्या आकाराची. म्हणून कुणी सकाळी उठून एकदम कुरळं झालेलं दिसत नाही. केसाकेसानं होतं ते."

"आणि पट्टी काय करते?" उज्ज्वलानं विचारलं.

"मुळाच्या तळाशी एक अंकुर असतो. आपण कितव्यांदा बांधले जातोय याची खूण तो ठेवतो, आणि त्यावरून संप्रेरकांचं किती ऐकायचं ते ठरवतो. ही खूण सापडली आणि सगळं सोपं झालं. पट्टीतलं औषध त्या अंकुराला बहिरं करतं. शरीर मोठं होतं, अंकुर लहानच राहतो." डॉक्टर जरा थांबल्या. "फक्त एक आहे. तो एकदा बहिरा झाला की झाला. पुन्हा ऐकू येत नाही त्याला. आणि बदल पुरता सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही. हिच्या हातात फार तर हा उन्हाळा आहे."

टोपीचे दिवे विझले. समोरच्या पडद्यावर चंदनाचा चेहरा आला. मग तो हळूहळू लांबट झाला, गाल उतरले, आणि कपाळाभोवती केस वाढायला लागले. दाट, काळेभोर, बारीक बारीक वेटोळ्यांचे, खांद्यांवर न मावता चहूबाजूंनी फुललेले.

"ही कोण?" चंदना म्हणाली.

"तूच. पंचवीस वर्षांची."

"अगं, ही तर आपली अक्का!" भरतेशच्या तोंडून निघून गेलं. "हुबेहूब त्रिशलाअक्का!"

मगदूमबाईंनी पर्स उघडली, काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि पुन्हा बंद केली.

त्रिशला ही त्यांची थोरली. मालवणला असायची, समुद्रात बुडी मारायला शिकवायची. सणावाराला फोन यायचा, तोही भावाला. मायलेकींचं भांडण झालं होतं असंही नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. त्रिशला मैदानावरची सगळ्यात चपळ पोर होती, आणि आठव्या वर्षी तिचे केस असेच रेशमाचे होते. तेराव्या वर्षी ते वळायला लागले. मगदूमबाईंच्या संघात नियम एकच, दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबीन. मग रोज सकाळी तेल, ओढाओढ, रड. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या सकाळी त्रिशलानं स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि सगळे केस मुळापासून कापून मैदानावर आली. बाईंनी तिला बाहेर बसवलं. संघ हरला. त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही. दहावी झाल्यावर ती वसतिगृहात गेली आणि मग दूर दूरच जात राहिली.

परतीच्या वाटेवर चंदना गाडीत गप्प बसेना. "आत्याचे केस खरंच असे आहेत? मला आठवत का नाहीत? फोनवर तर ती चेहरा दाखवतच नाही. मला बघायचेत."

"पट्टी लावायची ठरलंय ना तुझी?" मगदूमबाई म्हणाल्या.

"ठरलंय. पण काय नको म्हणायचं ते आधी बघायला नको?"

उज्ज्वला हसली. "आई, पोरगी बरोबर बोलतीय. उन्हाळ्याची सुट्टी आहेच. जाऊ या की मालवणला."

घाट उतरून गाडी कोकणात शिरली तेव्हा मगदूमबाईंनी खिडकीची काच वर केली, मग खाली केली, मग पुन्हा वर केली. भरतेश आरशातून पाहत होता.

मालवणच्या धक्क्यावर बुडी मारून आलेल्या माणसांची होडी नुकतीच लागत होती. होडीच्या टोकाला पाठमोरी एक बाई दोर ओढत होती. अंगात काळा घट्ट पोशाख. तिनं डोक्यावरची टोपी मागे सरकवली आणि मान हलवली. मानेपर्यंतचे पातळ, सरळ, तांबूस छटेचे केस भुरभुर उडाले.

मगदूमबाईंचा पाय पायरीवरच अडखळला. ते डोकं त्यांना ठाऊक होतं, पण ते असं आठ वर्षांच्या पोरीच्या मानेवर ठाऊक होतं.

बाई वळली. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, उन्हानं रापलेले गाल, चाळिशी ओलांडलेली.

"आत्या!" चंदना जवळजवळ ओरडलीच. "तुझे केस कुठं गेले?"

त्रिशलानं आधी भाचीकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि शेवटी आईकडे. "आधी घरी तर चला," ती म्हणाली.

तिचं घर धक्क्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होतं. सोलकढीचे पेले सगळ्यांच्या हातात दिल्यावर तिनं सांगितलं.

"चाई लागली होती मला. गेल्याच्या गेल्या वर्षी. आधी रुपयाएवढा गोल पडला, मग दुसरा, मग सगळंच साफ. भुवयासुद्धा. पणजीच्या डॉक्टरांनी नवा उपचार केला. पट्टीत अंकुराला बहिरं करतात ना, यात त्याची खूणच पुसून टाकतात. तो समजतो आपण आत्ताच जन्मलोय, आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. आधी खरंखुरं जावळ आलं मला. लोक म्हणायचे, बारसं केव्हा?"

चंदना खिदळली. "म्हणजे तुझे केस माझ्यापेक्षा लहान आहेत?"

"तुझे अकरा वर्षांचे. माझे डॉक्टरांच्या हिशेबानं आठचे. पण माझ्या शरीरात मोठ्या बाईची संप्रेरकं आहेत, त्यामुळे अंकुराला धावतच मोठं व्हावं लागतं. पावसाळा संपेपर्यंत वयात येतील म्हणतात."

मगदूमबाईंच्या हातातला पेला तसाच होता. "एवढं सगळं झालं, आणि मला कळवलं नाहीस?"

"काय कळवणार, आई? तूच म्हणायचीस, हे असले केस डोक्यावर नसते तर बरं झालं असतं."

ती हे हसतच म्हणाली. भरतेश उठून बाहेर अंगणात गेला. उज्ज्वलानं चंदनाला मासे बघायच्या निमित्तानं त्याच्या मागून नेलं. आत दोघीच राहिल्या. मगदूमबाईंनी सगळे पेले गोळा केले आणि धुऊन पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला पायरीवर चहा पीत बसली होती. मगदूमबाई तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"लावू?"

त्रिशलानं क्षणभर मागे पाहिलं नाही. मग ती एक पायरी खाली सरकली.

मगदूमबाईंनी बोटं बुडवली आणि माथ्यावर ठेवली. डाव्या बाजूला भोवरा होता. केस गेले, पुन्हा आले, पण भोवरा जिथं होता तिथंच होता. त्यांची बोटं त्याच्याभोवती आपसूक फिरली, तेल मुरलं, भांग पडला. सवयीनं त्यांनी दोन बाजू केल्या आणि वेणी घालायला घेतली. तीन पेड होताहेत न होताहेत तोच ते मऊ केस हातातून निसटले. त्यांनी पुन्हा धरले. पुन्हा निसटले.

"राहू दे," त्रिशला म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. "पुढच्या आठवड्यात मी पट्टी लावून घेतेय. मग कायमचे असेच राहतील. तुला आवडायचे तसे."

मगदूमबाईंचे हात थांबले.

"नको लावूस," त्या म्हणाल्या.

"का?"

"आठ वर्षांची त्रिशला मला पाठ आहे. तिच्या पुढची मला कुठं माहितीय?" त्यांनी निसटलेले केस पुन्हा बोटांत घेतले. "पुढची येऊ दे की. या वेळी बघते मी नीट."

त्रिशलानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "फार त्रास देतील हं."

"देऊ देत. पोरींना सरळ करायचीच मला सवय, सांभाळायची नाही. शिकीन."

चंदना दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण ती येऊन सरळ आत्याच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. "आत्या, तू लावणार नसशील तर मी पण नाही लावणार."

"तू माझ्यामुळे ठरवू नकोस गं. तुझ्या वर्गात सगळ्यांचे केस सरळ असतील, तुझ्या एकटीचेच नाहीत. हसतील पोरी."

"हसतील," चंदनानं विचार केला. "पण त्या पडद्यावरची मी होते ना? तिचं पुढं काय होतं ते मला बघायचंय. पट्टी लावली की कळणारच नाही." मग ती उठून बसली. "पैज लावू या. आधी कुणाचे वळतात?"

"लाव. हरलीस तर समुद्रात बुडी मारायची."

"आणि तू हरलीस तर खो-खो खेळायचं. आज्जीच्या हाताखाली!"

त्रिशलानं कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा मी जिंकतेच."

डॉक्टर मुजावरांना उज्ज्वलानं फोनवर सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं, पण वाईट वाटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मधले महिने कठीण जातील. तेवढे सोसा."

ते खरोखरच कठीण गेले. चंदनाचे जुने लांब केस सरळच होते, आणि खालून नवे आखूड वळलेले केस उगवून त्यांना वर ढकलत होते. पावसाळी हवेत ती सगळी जुळणी अशी फुगायची की भरतेश एकदा म्हणाला, "रुईची गासडी फुटल्यासारखी दिसतीयस," आणि त्या दिवशी त्याला लेकीनं जेवण वाढू दिलं नाही. शाळेत पोरी हसल्या. एका संध्याकाळी चंदना दप्तर फेकून रडली, मला आत्ताच्या आत्ता पट्टी पाहिजे म्हणाली. आता उशीर झालाय हे आठवून आणखी रडली, आणि आज्जी, आई, आत्या, डॉक्टर, सगळ्यांवर तिनं राग काढला.

मगदूमबाईंनी मालवणला फोन लावला. आता त्या रोजच लावायच्या. पलीकडून त्रिशलाचा चेहरा आला. तिच्या डोक्यावर डावीकडे कुरळ्यांचा पुंजका, उजवीकडे सपाट, आणि मधोमध कोंबड्याच्या तुऱ्यासारखी ताठ रांग.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "हे बघ. आज होडीत एका बाळानं मला पाहून भोकाड पसरलं."

चंदनानं नाक पुसत पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. त्या दिवसापासून आत्या-भाची रोज एकमेकींना फोटो पाठवायच्या. जास्त वाईट कोण दिसतंय ते ठरवायचं काम आज्जीचं. आज्जी मैदानावरच्या पंचासारखी दोन्ही फोटो नीट न्याहाळायची आणि कुणाचीही भीड न ठेवता निकाल द्यायची.

पैज त्रिशला जिंकली. भाद्रपदातच सरळ केस गळून तिचं डोकं पुन्हा पहिल्यासारखं वेटोळ्यांनी भरलं. फरक एवढाच की त्यात चांगल्या बोटभर रुंदीच्या पांढऱ्या बटा होत्या. अंकुराला फसवता आलं होतं, पण केसाला रंग देणाऱ्या पेशींना आपलं वय ठाऊक होतं. त्रिशलाला त्या बटा फार आवडल्या.

चंदनाचं मात्र गणित चुकलं. पडद्यावर दिसली होती तशी बारीक वेटोळी काही आली नाहीत. आले ते मोठमोठे, सैल वळसे, आणि ते ना आत्यासारखे ना आईसारखे. ती डॉक्टर मुजावरांकडे तक्रार घेऊनच गेली.

"यंत्र चुकलं तुमचं!"

"चुकलं खरं," डॉक्टरांनी दिव्यांची टोपी पुन्हा चढवून तपासलं आणि कबूल केलं. "बहुतेक वेळा असं होतं, एवढंच यंत्र सांगतं. तुझ्या सोऱ्याला ते माहीत नव्हतं."

"मग पुढे कसे होणार?"

"कोण जाणे. आणखी बदलतील. बाळंतपणात बदलतात, म्हातारपणात बदलतात. बघत राहा."

चंदनाला हे उत्तर पटलं. परत येताना तिनं गाडीच्या काचेत स्वतःला दोन-तीनदा पाहिलं.

दिवाळीला त्रिशला इचलकरंजीला आली. एका दिवसासाठी नाही, चांगली पंधरवड्यासाठी. पाडव्याच्या सकाळी न्हाणं झाल्यावर तिघी गच्चीवर उन्हात केस वाळवत बसल्या. खालून फराळाचे वास येत होते आणि शेजारच्या छतावरची पोरं लवंगी फटाक्यांच्या माळा सोडवत होती. मगदूमबाई कंगवा घेऊन त्रिशलाच्या मागे बसल्या.

"आज्जी, कंगवा नको!" चंदनानं तो हातातून काढून घेतला. "बोटांनी. आणि वरून नाही, टोकाकडून. ओले आहेत तोवरच."

ज्यांच्यापुढे निम्मं गाव शिस्तीत उभं राहिलं होतं, त्या बाईंनी निमूट बोटं पसरली. एक बट घेतली, टोकाशी हलकेच सोडवली, सोडून दिली. ती गुंडाळली जाऊन त्रिशलाच्या कानाशी जाऊन बसली. त्यांनी दुसरी घेतली. ती अडकली. त्यांनी ओढली नाही. वाकून, चष्मा सारखा करून, गाठ कुठं आहे ते पाहत राहिल्या.

"चुकतंय का?" त्यांनी विचारलं.

"चुकतंय थोडं," त्रिशला डोळे मिटूनच म्हणाली. "पण चालू दे."